रविवारचा खेळगट दुसऱ्याच आठवड्यात फिसकटला, चालू ठेवू की सोडून देऊ?

दोन_जिने_वर:

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. लांबलाय, आधीच सॉरी.

मला दोन मुलं, मोठा आठ वर्षांचा, धाकटी साडेचारची. आमच्या बिल्डिंगमध्ये वीस-पंचवीस मुलं सहज असतील, पण दिसतात कुठे तर लिफ्टमध्ये, पाठीला बॅग लावून कुठल्यातरी क्लासला जाताना नाहीतर येताना. रविवारी सगळी घरात आणि सगळ्यांच्या हातात स्क्रीन. माझाही त्यातलाच, मी काही वेगळी नाही. तर महिन्याभरापूर्वी उत्साहाच्या भरात मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं की रविवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा मागच्या मोकळ्या जागेत मुलांना पाठवा, मी असेन, खेळ घेऊ. फी वगैरे काही नाही. पंधरा अंगठे आले.

पहिला रविवार मस्त. १४ मुलं. आदल्या रात्री जागून मी चार्टच केला होता, वीस मिनिटं वॉर्म-अप, मग रिले, मग चित्र, मग गोष्ट, शेवटी बक्षीस. शिट्टीसुद्धा आणली होती. घरी येईपर्यंत घसा बसला पण बरं वाटलं.

दुसरा रविवार... १९ मुलं, वय चार ते अकरा. रिलेमध्ये मोठी मुलं छोट्यांना आपल्या टीममध्ये घेईनात, छोटी रडायला लागली, अकरा वर्षांचे दोघं "हे बेबी गेम्स आहेत" म्हणून कठड्यावर जाऊन बसले, आणि माझाच मुलगा हरला म्हणून "आईने चीटिंग केली" असं सगळ्यांसमोर ओरडला (!!). त्याला समजावत होते तेवढ्यात मागे धप्पकन आवाज. सहा वर्षांचा एक मुलगा पळताना पडला, पुढचा दात आधीपासून हलत होताच म्हणे, तो निघाला. टीशर्ट लाल, तो रडतोय, त्याला बघून माझी धाकटी रडतेय, मी एका हाताने त्याच्या तोंडाला रुमाल धरलाय आणि दुसऱ्या हाताने त्याच्या आईला फोन लावतेय, ती उचलत नाहीये. खाली मोठं माणूस म्हणजे मी एकटी. बाकी सगळे पालक "दीड तास शांतता मिळाली" मोडमध्ये.

रात्री ११.४२ ला ग्रुपवर त्या मुलाच्या आईचा मेसेज. "मुलांना खेळायला पाठवलं होतं, पाडायला नाही. जबाबदारी घेता येत नसेल तर असले उद्योग करू नयेत." खाली तीन अंगठे. अंगठे कुणाचे ते मी उघडून बघितलं, बघायला नको होतं.

नवरा म्हणतो सोड ना, तुला सांगितलं होतं कुणी. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही कधी पोरांना खेळवलं नाही गं, ती आपापली खेळायची." आधी राग आला, मग वाटलं बोलल्या त्यात काहीतरी आहे. तर विचारायचं हे की इतक्या वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र खेळवायची कशी, पडझडीचं काय करायचं, बक्षिसं द्यावीत का आणि मुळात हे चालू ठेवावं का. परवा रविवार आहे. शिट्टी सध्या ड्रॉवरमध्ये आहे.


खडू:

ताई, दुधाचा दात पडलाय, आभाळ नाही. आधी शांत व्हा.

मी प्राथमिकला २६ वर्षं काढली, आता घरी असते. तुमचं वर्णन वाचून हसू आलं कारण माझं पहिलं वर्ष डिट्टो असंच गेलं होतं, चार्ट, शिट्टी, बसलेला घसा, सगळं. पहिल्या दिवशी पोरं तुमचं ऐकतात ते नवलाईने. दुसऱ्या दिवशी ती आपल्या मूळ स्वभावावर येतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

रिले हा मिश्र वयाला सगळ्यात वाईट खेळ, हे लिहूनच ठेवा. त्यात हळू पळणारा एकटा सगळ्यांच्या डोळ्यासमोर पळतो आणि त्याच्यामुळे टीम हरते हे सगळ्यांना दिसतं. मग मोठी पोरं त्याला घेतील कशाला? त्यांचं चुकलं नाही, खेळच तसा आहे. त्यापेक्षा लपाछपी, पकडापकडी, साखळी असलं काहीतरी, जिथे एखादा हळू असला, मध्येच बसला, बुटाची लेस बांधत राहिला तरी डाव मोडत नाही.

आणि लिंबूटिंबू विसरलात का हो? त्याच्यावर राज्य येत नाही, त्याला आऊट करायचं नाही, पण तो पळतो, लपतो, सगळ्यांत जास्त ओरडतो. त्याला वाटतं आपण खेळतोय आणि तो खरंच खेळतच असतो. हे काही कुठल्या तज्ज्ञाने शोधलेलं नाही, पोरांनीच काढलेली सोय आहे. आपण मोठी माणसं आलो की काय करतो, "सगळ्यांना सारखे नियम" म्हणून ती सोय काढून घेतो. चार वर्षांच्याला आणि अकरा वर्षांच्याला सारखे नियम लावले तर एक रडणार आणि दुसरा कठड्यावर जाऊन बसणार, तुमच्याकडे तेच झालं. मात्र एक लक्ष ठेवा. लिंबूटिंबू कोण हे मुलांनी ठरवायचं, पण त्यातून बाहेर कधी पडायचं हे त्या पोराने ठरवायचं. एक दिवस ते येऊन पाय आपटून सांगतं, "मला आता खरं घ्या." मग घ्यायचंच, आणि राज्य आलं की रडलं तरी चालेल.

साडेचारची तुमची धाकटी आणि तिच्या वयाची जी असतील त्यांच्याकडून फार "मिळून खेळा"ची अपेक्षा नको. या वयात बऱ्याचदा मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात, तुम्हाला वाटतं एकटं पडलंय, तसं नसतं. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईंनी १९३२ मध्ये नर्सरीतल्या मुलांकडे नुसतं बघत बसून हे सगळं नोंदवून ठेवलंय, आधी एकटं, मग शेजारी शेजारी, मग एकमेकांत मिसळून, मग ठरवून एकत्र. तेव्हा कोपऱ्यात खडू आणि थोडी वाळू-माती ठेवा, पुरे.

कठड्यावरच्या त्या दोघांना खेळ देऊ नका, काम द्या. हद्द कुठपर्यंत, चकायचं कुणी, भांडण झालं तर काय, हे त्यांनी ठरवायचं. अकरा वर्षांच्या पोराला खेळायला बोलावलं तर कमीपणा वाटतो, नियम करायला बोलावलं तर धावत येतो.

शिट्टी ड्रॉवरमध्येच बरी आहे.


चष्मिष:

लिंबूटिंबूला +१. मी सात वर्षांचा होईपर्यंत होतो, पाच भावंडांत शेवटचा, त्यामुळे प्रमोशन फार उशिरा मिळालं.

थोडं अवांतर, पण बंद करू नका हे सांगायला लिहितोय. आमच्या पोराला चष्मा लागला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाईलवरून झापण्याआधी पहिला प्रश्न विचारला की दिवसाउजेडी बाहेर किती वेळ असतो? मग मी थोडं वाचलं. चीनमध्ये ग्वांगझोऊला १२ शाळांतली पहिलीतली मुलं घेऊन ३ वर्षं प्रयोग केला होता, निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर, बाकीच्यांत नेहमीसारखं. २०१५ मध्ये छापून आला. लांबचं नीट न दिसण्याचा, म्हणजे मायनसचा नंबर नव्याने लागण्याचं प्रमाण बाहेर जाणाऱ्यांत ३० टक्क्यांच्या आसपास आणि बाकीच्यांत जवळपास ४०. म्हणजे जादू नाही, पण फुकटात एवढं मिळत असेल तर का सोडा. फक्त तुमची पाचची वेळ अंधार लवकर पडायला लागला की अलीकडे घ्या, उजेड महत्त्वाचा.


ताकही_फुंकून:

सगळे प्रोत्साहन देतायत म्हणून मुद्दाम उलट बाजू लिहितो. असहमत. म्हणजे खेळाला नाही, "मी असेन" या दोन शब्दांना.

चार वर्षांपूर्वी सुट्टीत मी असंच आठ दिवसांचं शिबिर घेतलं होतं, ओळखीचीच सगळी मुलं. पाचव्या दिवशी एक मुलगा भिंतीवरून उडी मारताना पडला, मनगट फ्रॅक्चर. मी पंधरा फुटांवर होतो, दुसऱ्या एकाला पाणी देत होतो. प्लास्टर दीड महिन्यात निघालं, पण त्याच्या वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते आजतागायत. जिन्यात भेटलो तर ते मोबाईलमध्ये बघतात, मी पण बघतो. त्यामुळे मला तुमच्या ११.४२ च्या मेसेजचं काही नवल वाटलं नाही. तिचंही अगदीच चूक नाही बरं का, मुलाच्या तोंडातून रक्त बघितलं की माणूस तर्काने बोलत नाही.

एका मोठ्या माणसावर १९ मुलं हे गणितच चुकलंय. एक पडला की बाकीच्या अठरांकडे बघणारं कुणी उरत नाही, तुमच्याकडे नेमकं तेच झालं. कमीत कमी दोन मोठी माणसं, दर वेळी, आणि दोन्ही एकाच घरातली नकोत. दुसरं कुणी आलं नाही तर त्या दिवशी गट नाही, सरळ "आज कॅन्सल" म्हणून टाकायचं, वाईटपणा आला तर येऊ दे. सहा वर्षांखालच्या मुलाबरोबर त्याच्या घरातलं कुणीतरी हवंच, "जरा बघा हं" म्हणून सोडून जायचं नाही. फोन उचलणारा नंबर हवा, आईचा लागला नाही तर दुसरा कुणाचा. आणि हे जरा नाजूक आहे पण लिहितोच, कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही मुलाला एकट्याला घरात, टेरेसवर, बाथरूमला न्यायचं नाही, स्वतः तुम्हीसुद्धा नाही. विश्वासाचा प्रश्न नाही, हा नियम सगळ्यांना असला की कुणावर बोट येत नाही आणि मुलांनाही कळतं की अशी पद्धत असते.

फोटो काढून ग्रुपवर टाकता का? टाकत असाल तर बंद करा. प्रत्येकाला आपल्या मुलाचा फोटो फिरलेला चालतो असं नाही.

एवढं होत असेल तर करा. नाहीतर नवऱ्याचं ऐका. (हलके घ्या.)


दोन_जिने_वर:

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. खडूताई, कठड्यावरच्या दोघांबद्दलचं वाचून मी अक्षरशः कपाळावर हात मारला, मी त्यांना "दादा ना तुम्ही, छोट्यांना सांभाळा" म्हणून ओरडले होते. ताकही_फुंकून, फोटो टाकले होते हो. बावीस. आत्ताच डिलीट केले.

दाताबद्दल कुणी सांगेल का, तो दात मी रुमालात बांधून त्याच्या घरी दिला, ते बरोबर केलं का चूक?


दाढदुखी:

दातांची डॉक्टर आहे, म्हणून आयडी असा.

बरोबर केलंत. सहा-सातच्या वयात पुढचे दुधाचे दात पडतातच, हलत असलेला होता म्हणजे आज ना उद्या जाणारच होता. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, खाली पक्का दात तयार होत असतो त्याला धक्का लागू शकतो. स्वच्छ कापडाची घडी चावून धरायला लावायची, दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबतं. थुंकीत मिसळून ते आहे त्याच्या चौपट दिसतं म्हणून सगळे घाबरतात. पडलेला दात सापडला ना हे मात्र बघायचं, नाही सापडला आणि मूल खोकत राहिलं तर डॉक्टरकडे. पडल्यामुळे हिरडी फाटली असेल किंवा शेजारचा दात आत गेल्यासारखा वाटत असेल तरीही दाखवायचं.

पक्का दात मुळासकट निघाला तर मात्र गोष्ट वेगळी, आणि तुमच्या गटात आठ ते अकराची मुलं आहेत म्हणून हे नीट वाचा. दात वरून धरायचा, म्हणजे जो भाग तोंडात दिसतो तिथे, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर काही सेकंद पाण्याखाली धरायचा, घासायचा अजिबात नाही. जमलं तर तिथेच जागेवर बसवून मुलाला रुमाल चावायला द्यायचा, नाहीच जमलं तर थंड दुधात टाकून ताबडतोब निघायचं. प्रत्येक मिनिट मोजायचं, अर्ध्या-एक तासाच्या आत पोचलं तर दात वाचायची आशा चांगली. रुमालात बांधलेला सुकतो आणि मग आमच्या हातात काही राहत नाही.

डोक्यावर पडलं आणि नंतर सारखी उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं असं काही दिसलं तर "झोपू दे जरा" करायचं नाही, लगेच न्यायचं. बाकी खरचटणं, गुडघे, याला पाणी आणि साबण. खेळणाऱ्या मुलांचे गुडघे कसे असतात ते मला विचारू नका, माझ्या घरात दोन आहेत.


बाबा_ऑन_ड्युटी:

आमच्याकडे हे दोन वर्षं चालू आहे म्हणून लिहितो. आम्ही खेळ "घेत" नाही. सामान ठेवतो आणि बाजूला होतो.

सामान म्हणजे काय तर भंगार. मोठी खोकी, दोऱ्या, जुन्या चादरी, पुठ्ठ्याच्या नळ्या, कपड्यांचे चिमटे, दोन बादल्या, खडू. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पोरं नुसती उभी, "काका काय करायचं?" मी म्हटलं मला काय माहीत. ती दहा मिनिटं फार अवघड जातात, जीभ चावून गप्प बसावं लागतं. मग कुणीतरी खोक्यात शिरलं. पुढच्या अर्ध्या तासात तिथे ऑफिस झालं होतं, खरं सांगतो, एक सात वर्षांची मुलगी बॉस होती, बाकीचे रांगेत उभे राहून सुट्टी मागत होते आणि ती प्रत्येकाला न बघताच "मेल करा" म्हणत होती. तिची आई माझ्या शेजारीच उभी होती. काही बोलली नाही, खाली मान घालून हसत राहिली.

ही कल्पना काही माझी नाही. डेन्मार्कमध्ये सोरेनसन नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टच्या लक्षात आलं की मुलांसाठी बांधलेली मैदानं सोडून मुलं बाकी सगळीकडे खेळतात, बांधकामावर, भंगारात. मग १९४३ मध्ये, ऐन युद्धात, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात भंगाराचंच मैदान केलं, लाकडं, विटा, चाकं, आणि एक मोठा माणूस फक्त मदतीला. तेव्हापासून अशी मैदानं बऱ्याच देशांत झाली. आपल्याला विटा-हातोडे नकोत, खोकी बास झाली.

भांडणं होतात, खूप होतात. आमचा नियम असा की मारामारी किंवा कुणी एकाच्याच मागे लागलंय असं दिसलं तरच उठायचं, बाकी बसून राहायचं. "तो रडीचा डाव खेळतोय" ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी विचारतो, मग तुम्ही काय करता अशा वेळी? बहुतेक वेळा ते उत्तर द्यायला थांबतच नाहीत, परत पळतात. पोरांच्या भांडणाला न्यायाधीश मिळाला की ते लांबतं, हा माझा अनुभव.


ताकही_फुंकून:

खोकी छान, पण ठेवणार कुठे? ओली झाली की झुरळं.


बाबा_ऑन_ड्युटी:

होतात खरी. महिन्याने टाकून द्यायची, नवी आणायची.


हिशोब_जुळत_नाही:

बक्षिसाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. देऊ नका. माझ्या लेकीला चित्र काढायची भारी हौस, भिंती, वह्या, माझ्या ऑफिसचे कागद, काही सोडायची नाही. मीच शहाणी, प्रत्येक चित्राला स्टिकर सुरू केला. आता विचारते "याचा स्टिकर आहे का?" आणि नसेल तर काढत नाही!! नंतर कळलं की यावर १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी प्रयोगच केला होता, चित्र काढायची मुळात आवड असलेली नर्सरीतली मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर आधी कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. न सांगता मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे अचानक कधीतरी काही दिलं तर ठीक, पण "शेवटी बक्षीस" असं चार्टवर नको.

आणि ती मुलं लिफ्टमध्येच दिसतात म्हणालात ना, त्यावर मी एकदा कागद घेऊन बसले होते. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात, मी दहा धरले. उरले चौदा. शाळा आणि जाणं-येणं साडेसात. अंघोळ, जेवणं, शोधाशोध, "आवर लवकर" यात अडीच. अभ्यास एक. राहिले तीन तास. दोन क्लास लावले, प्रत्येकी जाऊन-येऊन दीड. बाकी शून्य. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ च्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, तर ती कुठून आणायची, झोपेतूनच ना? आम्ही एक क्लास बंद केला. कुठला ते तिला विचारलं तर तिने माझ्या आवडीचा सांगितला. दोन दिवस तोंड पाडून बसले होते मी, ती नाही.


गच्चीवरची:

माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला हा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं जसंच्या तसं टाइप करते: "काकूंना सांग की आम्ही काय खेळतोय ते सारखं विचारू नका. आणि 'वा छान' म्हणू नका. तुम्ही 'वा छान' म्हणालात की ते तुमचं होतं."

मी तिला "वा छान" म्हणणार होते, गिळलं.


खडू:

गच्चीवरची, तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी (ही चालते ना?). २६ वर्षांत मला जे नीट सांगता आलं नाही ते तिने दोन ओळींत सांगितलं.

दोन_जिने_वर, मुलगा "आईने चीटिंग केली" म्हणाला ते मनाला लावून घेऊ नका. आई पंच असली की प्रत्येक निकालात त्याला आई दिसते, त्याच्या बाजूने दिला तर मित्र चिडवणार, विरुद्ध दिला तर घरचं माणूस उलटलं. त्याची कुचंबणा होते हो. ताकही_फुंकून म्हणतात तसा दुसरा मोठा माणूस असेल तर तुमच्या मुलाचं भांडण त्याच्याकडे जाऊ दे, आणि त्याच्या मुलाचं तुमच्याकडे.


दोन_जिने_वर:

पाच रविवार झाले, म्हटलं कळवावं. मधला एक कॅन्सल केला कारण दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. ग्रुपवर "आज गट नाही, दुसरं मोठं माणूस मिळालं नाही" एवढंच टाकलं, कुणाला बोल नाही लावला. पुढच्या रविवारसाठी तीन नावं आली! मुलं घरात असण्याचा परिणाम असावा.

आता मुलं अकरा-बारा येतात, एकोणीस नाही, आणि मला बरंच वाटतं. सहाच्या खालच्यांबरोबर कुणीतरी घरचं बसतं, बहुतेक आजोबा लोक, ते आपापसात गप्पा मारतात. कठड्यावरचे ते दोघं आता हद्दीचे मालक आहेत. खडूने रेघ मारलीये आणि ती दर रविवारी नव्याने मारायची असते, पुसलेली नसली तरी. यावर एक सभा पण होते, मला त्यात बोलायला परवानगी नाही.

मेसेजवाल्या बाई. त्यांनी मेसेज मागे घेतला नाही आणि माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. मुलगा मात्र तिसऱ्या रविवारी बाबांचं बोट धरून आला. पुढे खिडकी पडलेली, तोंड मिटूनच उभा. पोरांनी न विचारताच त्याला लिंबूटिंबू केलं, पडला होता ना म्हणून. तो दोन रविवार तसाच पळाला, कुणी पकडलं तरी आऊट नाही. काल चकताना तो मध्ये घुसला आणि म्हणाला मी लिंबूटिंबू नाही, माझा नवीन दात आलाय, आणि ओठ वर करून दाखवायला लागला. सगळी वाकून बघायला आली. हिरडीत तांदळाएवढं पांढरं काहीतरी होतं खरं. कठड्यावरच्या एकाने अगदी गंभीरपणे बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "ओके, खरा." पहिलंच राज्य त्याच्यावर आलं. अर्धा तास त्याला कुणी सापडलं नाही, रडवेला झाला होता, त्याचे बाबा दोनदा उठले आणि दोनदा बसले. मी शेजारी होते, मी पण हात मांडीखाली दाबून बसले होते. मग त्याने माझ्या धाकटीला खोक्यात शोधली. ती लिंबूटिंबू असल्यामुळे धरता येत नव्हती, यावर परत सभा.

माझा मुलगा अजून हरला की रडतो, पण आता "काका चीटिंग करतात" म्हणतो.

एक नवीन प्रश्न आहे. खोकी आम्ही जिन्याखाली ठेवतोय, सेक्रेटरींची नोटीस आलीये की जिना मोकळा ठेवा, आणि आग लागली तर जिना मोकळा हवा हे मला पटतंच. टेरेसवर ठेवली तर भिजतील. कुणी काय करतं?


ताकही_फुंकून:

झुरळं आली का आधी ते सांगा.